तिसऱ्या खेपेचा भाव

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. म्हणू दे. मी हॉटेलांच्या चादरी-टॉवेलांची गाडी चालवते. सकाळी धुतलेली बोचकी पोहोचवायची, मळलेली उचलायची, पुन्हा धुलाईकेंद्र, पुन्हा हॉटेलं. भिंगरी नसती तर उपाशी मेले असते. पण त्या दोन महिन्यांत मी जी फिरले ती चादरींसाठी नव्हे. ब्लू-रे प्लेअरसाठी फिरले, आणि तोही स्वस्तातला मिळावा म्हणून. आज आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

आईने एका नाटक कंपनीत एकतीस वर्षं कपडे शिवले. शिवले म्हणजे मापं घेण्यापासून प्रयोग चालू असताना फाटलेली बाही विंगेत उभ्या उभ्या टाचून देण्यापर्यंत सगळं. कॉलरला सुई, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत तिने एकही नाटक समोरून पाहिलं नाही. तिला दिसायच्या त्या नटांच्या पाठी आणि बाहेर येणारे घामेजलेले चेहरे. पण संवाद तिला सगळ्यांचे पाठ. कुठल्या वाक्याला कुणी आत येतं, कुणाच्या पावलांचा कसा आवाज होतो, हे ती झोपेतही सांगेल.

त्या कंपनीचं सगळ्यात गाजलेलं नाटक एका जहाजाच्या कप्तानाचं होतं. दुसऱ्या अंकात कप्तान बारा वर्षांनी घरी येतो, तो गडद निळा लांब कोट घालून. तो कोट आईचा. बेचाळीस पितळी बटणं: छातीवर चोवीस, बाह्यांवर बारा, खिशांवर सहा. आणि बेचाळीसच्या बेचाळीस काजं हाताने केलेली. मी एकदा म्हटलं, "मशीनवर घाल की, पाचव्या रांगेतल्या माणसाला काय कळतंय?" तर ती म्हणाली, "पाचव्या रांगेतल्याला नाही कळणार. मला कळेल ना."

मागच्या वर्षी कंपनी बंद पडली. नाट्यगृहाच्या मालकाने इमारत विकली. कप्तानाच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग एका रेकॉर्डिंगवाल्या कंपनीने चार कॅमेरे लावून टिपला, एकदम हाय डेफिनिशन. नाटक कंपनीच्या मॅनेजरने पडद्यामागच्या प्रत्येकाला एकेक डिस्क भेट दिली. नेमका त्या दिवशी आईच्या डोळ्यात इंजेक्शन होतं, म्हणून ती शेवटच्या प्रयोगालाही नव्हती. एकतीस वर्षांत बुडवलेला तो एकमेव प्रयोग.

डोळ्याचं दुखणं त्याच्या थोडं आधी सुरू झालं होतं. दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. आधी आम्ही सुताराला बोलावलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितलं: डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होतोय. कडेचं दिसत राहील, घरात वावरता येईल. पण समोरचं, बारीक, ज्याकडे थेट बघायचं ते सगळं जाणार. इंजेक्शनं सुरू झाली. पण कंपनी बंद पडल्यानंतरच्या एका तपासणीत ते म्हणाले, "इंजेक्शनांनी थोडं थोपवलं. पण जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या. महिने धरू नका, आठवडे धरा."

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली. मला वाटलं, रडेल. तिने पिशवीतून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मला तो कोट समोरून बघायचाय गं. बाकी काही राहिलं नाही."

त्याच दिवशी ती डिस्क आमच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली. त्याने दोनदा घुर्र केलं आणि डिस्क बाहेर ढकलली, लहान मूल नावडता घास ढकलतं तशी. दिसायला डिस्क सारखीच, पण ही ब्लू-रे. तिला वेगळा प्लेअर लागतो. नेटवर ते रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. ओळखीत विचारलं तर जो तो हसला. डिस्क कोण बघतं आता? एकाने दिला होता भंगारात, एकाच्या माळ्यावर होता पण उंदरांनी वायर खाल्ली होती. म्हणजे विकत घेणं आलं. आणि विकत घेणं आलं तिथेच आमचं घोडं पेंड खातं.

आमच्या घरात कुणीही पहिल्या भावाला काही घेत नाही. हा कंजूषपणा नाही. म्हणजे असेलही, पण आम्ही त्याला तसं म्हणत नाही. आई नाटकासाठी कापडाचे तागे घ्यायची तेव्हापासूनचा नियम आहे: दुकानदाराच्या दारातून दोनदा मागे वळायचं, तिसऱ्यांदा आत जायचं. पहिल्यांदा वळलं की तो थोडं कमी करतो. दुसऱ्यांदा वळलं की हाक मारतो. तिसऱ्यांदा आत गेलं की तो पडेल चेहऱ्याने गुंडाळून देतो. मी सात वर्षांची असल्यापासून आईचं बोट धरून दुकानांमधून मागे वळत आलेय. माझी पहिली सायकल अशीच आली, ही चादरींची गाडीसुद्धा अशीच.

तर मोठ्या चौकातल्या शोरूममध्ये एक मॉडेल होतं. एकच. नऊ हजार. विक्रेता भला माणूस होता, म्हणाला, "ताई, पंधरा दिवसांनी सेल लागतोय, सहाला मिळेल."

मी घरी येऊन आईला सांगितलं आणि वर म्हटलं, "नऊ तर नऊ, उद्या आणते."

"नऊ?" आई खुर्चीतून उठलीच. "डोळे माझे जातायत, डोकं तुझं गेलंय का? पंधरा दिवसांनी काही मी आंधळी होत नाही. थांब, उतरेल."

मी थांबले. खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. नऊ मलाही जडच वाटत होते.

ते पंधरा दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. फोनवर किमतींची सूचना देणारी तीन ॲप टाकली. फोन टुणकन वाजला की मी गाडी बाजूला घ्यायची. मागचे हॉर्न वाजवायचे, मी खिडकीतून हात काढून त्यांना चार शब्द ऐकवायची आणि बघायची, तर कुणीतरी मला मिक्सर देतंय निम्म्या दरात. जेवताना फोन, चादरी मोजताना फोन. एका हॉटेलात उशांचे अभ्रे द्यायच्या ऐवजी टेबलक्लॉथ देऊन आले. तिथली हाउसकीपर म्हणाली, "बाई, प्रेमात पडलीस की काय?"

सेलच्या दिवशी सकाळी नऊला शोरूम उघडणार होतं. आठ वाजता एका हॉटेलची लिफ्ट बंद पडली आणि मला अठ्ठावीस बोचकी पाचव्या मजल्यावर हाताने चढवावी लागली. साडेदहाला पोहोचले तर तो भला विक्रेता मान हलवत उभा. "दहाच नग होते, ताई. तासाभरात संपले. एक शोकेसमधला आहे, पण तो सेलमध्ये नाही." किंमत? आता साडेनऊ. नवीन माल येणार नाही म्हणून वाढवलेली.

जो माणूस सहाला मिळेल म्हणून पंधरा दिवस थांबला, तो साडेनऊ कसे देईल? मी पाय आपटत बाहेर पडले. तो मागून म्हणाला, "ठेवू का बाजूला?" मी वळूनही बघितलं नाही.

दोन दिवसांनी फोन वाजला. ब्लू-रे प्लेअर, नवा, पेटीबंद, साडेचार हजार! मी भर सिग्नलला ओरडले. घरी आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, थांबल्याचं सार्थक झालं. "बघ," ती म्हणाली, "आणि तू नऊ द्यायला निघाली होतीस."

लगेच मागवला, तरी तो यायला नऊ दिवस लागले. रोज ती विचारायची, "आला का गं?" मी रोज ॲपवरच्या विक्रेत्याला फोन लावायची आणि तो रोज म्हणायचा, "निघालाय." नऊ दिवसांत माणूस चालत निघाला तरी पोहोचतो. या दिवसांत आईने घरातलं शिवण बंद केलं. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते तिने नुसतं हातात धरलं आणि म्हणाली, "तूच लाव आज." मी लावलं. माझं लक्ष फोनमध्ये होतं.

डबा आला. जोडला. डिस्क आत गेली, घुर्र नाही, काही नाही. आई पुढे सरकून बसली. पडद्यावर अक्षरं आली: ही डिस्क तुमच्या प्रदेशात चालणार नाही.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

स्वस्ताईचं गुपित मला तेव्हा कळलं. जगाचे म्हणे भाग पाडलेत. एका भागातल्या प्लेअरवर दुसऱ्या भागातली डिस्क चालत नाही. हा प्लेअर परदेशातून आणलेला, तिकडच्याच डिस्कांसाठी. विक्रेत्याच्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तसं लिहिलंही होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पानावरची किंमत मी चाळीस वेळा वाचली होती, तळ एकदाही वाचला नव्हता.

"परत करून येते," मी म्हटलं. राग इतका होता की डबा उचलताना वायर टीव्हीसकट ओढली गेली.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "डबा दिसायला छान होता. काळाभोर."

तो गुरुवार होता. परतीचा डबा गाडीत टाकून मी शहराच्या टोकाला विक्रेत्याच्या गोदामात गेले, तिथे दोन तास भांडले आणि पैसे परत मिळायला आठवडा लागेल असं ऐकून आले. शनिवारी धुलाईकेंद्रातल्या इस्त्रीवाल्याने मला गॅरंटीकाकांचा पत्ता दिला.

गॅरंटीकाका म्हणजे जुन्या वस्तूंचे दुकानदार. दुकान बोळात, रुंदी एका माणसाची, लांबी संपतच नाही अशी. पंखा असो, रेडिओ असो, प्रत्येक वस्तूवर हात ठेवून ते म्हणतात, "माझी गॅरंटी." म्हणून हे नाव. त्यांच्याकडे एक जुना ब्लू-रे प्लेअर होता. इथलाच, या भागातला. मी डिस्क सोबतच नेली होती. त्यांनी एका छोट्या टीव्हीला जोडून घातली आणि चालू झाली की हो! पडदा वर गेला, टाळ्या ऐकू आल्या.

"कितीला?"

"साडेतीन. माझी गॅरंटी."

साडेतीन. नवा नऊला, हा साडेतीनला. खिशात चार होते. आई घरी वाट बघत होती. डॉक्टरांनी आठवडे म्हटलं होतं आणि त्यातले पाच मी खाल्ले होते. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं, स्वच्छ माहीत होतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "अडीच."

"ताई, लेन्स नवी टाकलीय."

"अडीच," मी म्हटलं आणि मागे वळले. दारापर्यंत गेले. त्यांनी सव्वातीन म्हटलं. मी परत आले, प्लेअर उलटापालटा करून बघितला, एक ओरखडा दाखवला आणि दुसऱ्यांदा मागे वळले. या वेळी पार बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. आता हाक येणार. हाक मारणारच. मी गाडीत बसले. हॉटेलांची एक फेरी राहिली होती. म्हटलं, फेरी मारून येते, काका जरा शिजू देत. तिसऱ्यांदा आत जाईन तेव्हा पावणेतीनला देतील.

दीड तासाने तिसऱ्यांदा आत गेले. टेबल रिकामं होतं. "गेला," गॅरंटीकाका म्हणाले. "एक गृहस्थ आले, साडेतीन ठेवले, घेऊन गेले. भाव नाही, काही नाही. असेही लोक असतात." मग माझ्याकडे बघून चरकलेच. "ताई, पाणी देऊ का?"

मी घरी जाऊन आईला हे सांगितलं नाही. दुकान बंद होतं असं सांगितलं. ती म्हणाली, "मिळेल गं. तू धावाधाव करू नकोस." तिचा आवाज इतका मऊ होता की माझा राग आणखीनच चढला. तिच्यावर नाही, स्वतःवर. मी भांडी आपटत घासली.

पुढचे अकरा दिवस मी झपाटल्यासारखी फिरले. जुने बाजार, लिलाव, बंद पडलेलं व्हिडिओचं दुकान, एका शाळेचं भंगार. एक मिळाला तो नुसता हिरवा पडदा दाखवायचा. एक विकणारा माणूस पत्ता देऊन घरीच नव्हता. बाराव्या दिवशी सकाळी मी शोरूमचं शटर उघडायच्या आधी फुटपाथवर उभी होते. शोकेसमधला तो एकटा प्लेअर अजून तिथेच होता. किंमत आता साडेदहा.

भला विक्रेता म्हणाला, "थांबा, साहेबांना विचारून काही कमी होतंय का बघतो."

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की झाडूवाला थबकला. "काही कमी करू नका. बांधा. लवकर बांधा." आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराने सांगितलेली किंमत मी जशीच्या तशी दिली.

घरी आले तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. "आणला?"

"आणला."

"कितीला?"

"साडेचार."

"शहाणी माझी बाय," ती म्हणाली आणि खुर्ची ओढत टीव्हीसमोर आली. खुर्चीचा पाय टेबलाला अडला, तो तिने हाताने चाचपून सोडवला. मी पडदे ओढून घेतले, वायर लावली, डिस्क घातली. पडद्यावर नाट्यगृह उजळलं. काय सांगू, इतकं स्वच्छ! लाकडी रंगमंचावरच्या खिळ्यांची डोकीसुद्धा दिसत होती.

आई ताठ बसून एकटक समोर बघत होती. नाटकातली मोलकरीण आली तशी आई म्हणाली, "एप्रनची झालर बघ. ती मी दोनदा उसवून लावली होती." खरंच, झालर होती. धाकटी वहिनी आली. "हिच्या परकराला आतून चोरखिसा आहे, चिठ्ठी ठेवायला." चिठ्ठी निघाली. मी हसत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझे पाय स्थिर होते. उशीर झाला असेल, पैसे गेले असतील, पण वेळेत पोहोचले असं मला वाटलं.

दुसरा अंक लागला. दारावर थाप पडली, पावलं वाजली, आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं. "आला! आता बघ. बघ कसा उठून दिसतो तो निळा. बटणं बघ, कशी चमकतायत!"

पडद्यावर कप्तान उभा होता. अंगात राखाडी कोट. साधा, बिनबटणांचा, कुणाच्या तरी घरून आणल्यासारखा.

नंतर मॅनेजरने मला सांगितलं: पितळी बटणांची तिरीप कॅमेऱ्यांत जात होती, म्हणून रेकॉर्डिंगवाल्यांनी ऐन वेळी कोट बदलायला लावला. आईला वाईट वाटेल म्हणून तिला कुणी कळवलंच नव्हतं. पण त्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त राखाडी कोट दिसत होता, आणि शेजारी माझी आई निळ्या कोटाकडे बघून हसत होती.

मी रिमोटने आवाज कमी केला.

"आई," मी म्हटलं, "कधीपासून दिसत नाही तुला?"

तिने मनगट सोडलं. मग म्हणाली, "तू तो डबा परत करायला नेलास ना, तेव्हा दिसला होता. काळा. त्याच्यानंतरच्या सोमवारी उठले तर मध्ये सगळं धूर."

सोमवार. शनिवारी मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून हाकेची वाट बघत होते. मधला रविवार अख्खा आमचा होता.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडले. ओरडता ओरडता रडायला लागले. "माझ्यामुळे झालं. मला मिळत होता गं, शनिवारीच मिळत होता. साडेसातशे कमी करायला मी..."

"गप. थांब म्हणणारी मी होते." तिने हात लांब करून माझं डोकं शोधलं आणि थोपटलं. "तू इतकी धावत होतीस. तुला काय सांगू, आता धावू नकोस म्हणून? आणि ऐकायला येतंय की मला सगळं. किती छान ऐकू येतंय. तू आवाज का कमी केलास?"

मी आवाज वाढवला. डिस्क पुन्हा कप्तानाच्या थापेपाशी आणली. दार उघडलं, पावलं वाजली.

"थांबव इथेच," आई म्हणाली. मी चित्र थांबवलं. "एवढं भारी मशीन आणलंयस. काजं दिसतायत का त्यात?"

"दिसतायत."

"स्वच्छ?"

"टाके मोजता येतील इतकी."

"मग मोज की. मोठ्याने मोज. एखादं सुटलं असेल तर सांग मला." तिने डोळे मिटून घेतले आणि खुर्चीला पाठ टेकली.

समोर राखाडी कापड होतं आणि त्यावर एकही काज नव्हतं. मी डोळे पुसले, पडद्याजवळ सरकले, म्हणजे आवाज तिकडून आलासा वाटावा, आणि छातीच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. एक. दोन. तीन.